बालेवाडीवरच्या जुन्या फ्रेंडली मॅचेस: तेव्हा कोण कोण होतं तिथे?

म्हाळुंगेकर

परवा कामानिमित्त बालेवाडी क्रीडा संकुलाच्या बाजूने गेलो, हायवेवरून फ्लडलाइटचे खांब दिसले आणि मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. हे आमचं फुटबॉलचं होम ग्राऊंड होतं. पुणे एफसी या क्लबच्या आय लीगच्या, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या मुख्य लीगच्या मॅचेस इथे बघितल्या, नंतर इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एफसी पुणे सिटी आली तेव्हा तेही बघितलं. पुणे एफसी बंद झाली, २०१९ ला पुणे सिटीपण गेली आणि तिची जागा हैदराबादने घेतली, आणि आता एवढं मोठं शहर पण आयएसएलमध्ये आपलं म्हणावं असं कोणी नाही. ते दुखतंच, पण हा धागा त्यासाठी नाही.

लीगच्या मॅचेसचं सगळं नेटवर सापडतं, पॉइंट टेबल, गोल कोणी मारले, सगळं. फ्रेंडली मॅचचं, म्हणजे कुठल्या लीग-कपात न मोजल्या जाणाऱ्या मॅचचं तसं नसतं, एका ओळीत स्कोअर आणि विषय संपला. बालेवाडीवर २०१० आणि २०११ मध्ये एका वर्षाच्या आत तीन जबरदस्त फ्रेंडली झाल्या, व्हिएतनाम, येमेन आणि इंग्लंडचा क्लब ब्लॅकबर्न रोव्हर्स, आणि तिन्हीला मी होतो. ज्यांना आठवतंय त्यांनी इथे लिहा, कारण आपण नाही लिहिलं तर दुसरं कोणी लिहिणार नाही.

माझ्यापासून सुरू करतो. ८ ऑक्टोबर २०१०, शुक्रवार, घटस्थापना होती. भारत विरुद्ध व्हिएतनाम. मी तेव्हा हिंजवडीत नोकरीला नवीन, आई फोनवर सांगत होती आज पहिली माळ आहे आरतीला तरी वेळेवर ये, आणि मी मित्राच्या बाईकवर मागे बसून बालेवाडीला निघालेलो. दिल्लीत कॉमनवेल्थ चालू होतं त्यामुळे अख्खा देश टीव्हीवर कुस्ती आणि नेमबाजी बघत होता, भारताची फुटबॉल टीम पुण्यात आलीय हे माझ्या ऑफिसमध्ये मी सांगितलं तेव्हा लोकांना कळलं. व्हिएतनाम म्हणजे ऐरीगैरी टीम नव्हती, २००८ ची आग्नेय आशियातली चॅम्पियनशिप त्यांनी जिंकली होती. आणि त्यांना आपण ३-१ ने हरवलं, तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. हॅटट्रिक! तेव्हा तो अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या क्लबकडे होता, आमच्या रांगेत अर्ध्या लोकांना त्याचं नाव नीट माहीत नव्हतं, तिसऱ्या गोलनंतर सगळे 'छेत्री छेत्री' करत होते. घरी पोचलो तेव्हा आरती होऊन गेलेली, आई बोलली नाही माझ्याशी, प्रसादाची वाटी मात्र झाकून ठेवलेली होती.

ब्लॅकबर्नची मॅच पण सांगतो नंतर. स्कोअर मला ०-४ आठवतोय, हरलो होतो आपण एवढं नक्की.

---

कोल्हापुरी_फुलबॅक

भावा काय धागा काढलायस. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेत वाढलो, म्हणजे फुटबॉल कसला ते तुला सांगायला नको. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार असली मॅच असली की (आमच्याकडं क्लबला तालीमच म्हणत्यात) पेठेतली दुकानं लवकर बंद होत्यात, म्हातारी माणसं दुपारीच जाऊन गॅलरीत जागा धरून बसत्यात. त्यामुळं मला 'फ्रेंडली' हा शब्दच कळायचा न्हाई. दोन तालमी समोरासमोर आल्या की फ्रेंडली कसली? प्रॅक्टिसला खेळले तरी दुसऱ्या दिवशी पेठेत त्याचा हिशोब होतो.

२०१० ला मी पुण्यात चाकणला कामाला होतो. व्हिएतनामला सुट्टी मिळाली न्हाई, म्हणून १३ तारखेला येमेनच्या मॅचला आलो, बुधवार होता, फर्स्ट शिफ्ट करून थेट. छेत्रीनं पाच दिवस आधी हॅटट्रिक मारलेली, आम्हाला वाटलं येमेनला सहज खातोय. ३-६ हरलो राव. सहा गोल! घरच्या मैदानावर! माझ्या मागं एक माणूस शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणत होता, 'अरे मागं कोण आहे, मागं कोण आहे'. मी स्वतः फुलबॅक, म्हणजे बचावात कडेला खेळायचो त्यामुळं प्रत्येक गोलला मला आतून लागत होतं. आपले दोन्ही फुलबॅक वर जायचे आणि बॉल सुटला की परत यायच्या आधी येमेनवाले मोकळ्या जागेत. त्या दिवशी मी कुणाशी न बोलता एसटी स्टँडला गेलो आणि सुट्टी नसताना कोल्हापूरची गाडी पकडली. घरी जाऊन झोपायचं होतं बास.

पण एक सांगतो, त्या मॅचनं मला जे कळलं ते जानेवारीत दोह्यात खरं झालं. १९८४ नंतर पहिल्यांदा आपण एशियन कपला गेलो होतो, ऑस्ट्रेलियाकडनं ०-४, बहारीनकडनं २-५, कोरियाकडनं १-४. तीन मॅचमध्ये १३ गोल खाल्ले. मित्रांना धक्का बसला, मला न्हाई बसला, मी बालेवाडीत बघून आलो होतो.

---

जुना_कूपरेजवाला

वाचतोय. तुमच्या भावना समजतात पण फ्रेंडलीला एवढं महत्त्व देणं मला पटत नाही. मी मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप बघत मोठा झालो, १८९१ पासूनची स्पर्धा ती, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्रा या टीम आमच्या. तिथे माणूस सामना हरला की रडायचा कारण पुढची मॅच नव्हती. फ्रेंडलीमध्ये कोच हाफटाइमनंतर अर्धी टीम बदलतो, देशांच्या मॅचलाही बरेच बदली खेळाडू चालतात आणि क्लबांच्या मॅचला तर आपसात ठरवतील तेवढे. ती रंगीत तालीम. तालमीची आठवण कोण ठेवतं?

---

म्हाळुंगेकर

काका, मान आहेच तुमच्या कूपरेजला. पण २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडसुद्धा बंद झाली ना, ज्यांनी २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली होती? मग त्यांच्या पाठीराख्याला आता जी मॅच आठवेल ती आठवेल, त्यात कुठली कपची आणि कुठली सरावाची असा भेद तो करत बसेल का. आणि देशांच्या फ्रेंडली फिफा रँकिंगला धरतात, त्या अगदीच फुकट नसतात.

---

सुमेधा_औंध

मी इथे फक्त वाचायला येते, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

या तिन्ही मॅचला मी बाबांबरोबर होते. मी सातवी-आठवीत. बाबा दिवसा बँकेत आणि शनिवार-रविवारी पुण्यातल्या लीगमध्ये रेफरी, बहुतेक वेळा लाइन्समन, कारण ते म्हणायचे माझा दम संपला पण नजर शाबूत आहे. त्यामुळे मी मॅच बघायला शिकले ती उलट्या बाजूने. बाबा मला बॉल बघू द्यायचे नाहीत! म्हणायचे बॉल सगळेच बघतात, तू झेंडेवाल्याला, म्हणजे लाइन्समनला बघ. तो कायम शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत आहे का ते बघ, पास सुटला त्या क्षणी तो कुठे होता ते बघ, धावताना तो कडेकडेने सरकतो की पूर्ण वळतो ते बघ. येमेनच्या मॅचला सगळं स्टेडियम हताश होतं आणि बाबा मला दर गोलला विचारत होते, 'ऑफसाइड होता का? सांग.' म्हणजे पास सुटला तेव्हा त्यांचा फॉरवर्ड त्या रेषेच्या पुढे होता का. मी दोनदा चुकीचं सांगितलं. परत येताना औंधला उतरेपर्यंत ते मला खिशातल्या नाण्यांनी दाखवत होते की मी कुठे चुकले. बसच्या सीटवर एक रुपयाची नाणी म्हणजे आपले बचावपटू आणि दोनचं नाणं म्हणजे येमेनचा फॉरवर्ड, बस वळली की सगळी नाणी खाली पडायची आणि कंडक्टर उचलून द्यायचा.

@जुना_कूपरेजवाला काका, बाबा पण म्हणायचे की फ्रेंडलीत पब्लिक आरामात असतं. पण रेफरी आणि लाइन्समनला फ्रेंडली नसते, त्यांना प्रत्येक मॅच तेवढीच खरी असते. ते ऐकून मोठी झालेय म्हणून तुमचं पूर्ण पटलं नाही, राग मानू नका.

---

जुना_कूपरेजवाला

सुमेधाताई, राग कसला. लाइन्समनच्या नजरेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, बरोबर आहे तुमच्या वडिलांचं. लिहा अजून, मी वाचतोय.

---

अंधेरी_वेस्टवाला

पुण्याचा धागा आहे पण आमचं पण मैदान मोजा थोडं. ३ सप्टेंबर २०१६, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, भारत विरुद्ध पोर्तो रिको. मुंबईत भारताची फ्रेंडली ६१ वर्षांनी होत होती, मी ते वाचलं तेव्हा माझ्या वडिलांचा जन्मसुद्धा त्यानंतरचा आहे हे डोक्यात आलं आणि लगेच दोन तिकिटं घेतली. शनिवार, सोमवारी गणपती, वीरा देसाई रोडला मंडपाची कामं चालू, ट्रॅफिक इतका की आम्ही रिक्षा सोडून चालत गेलो आणि वाटेत एका मंडळाची मूर्ती टेम्पोतून येत होती तर तिच्याच मागे मागे ढोलाबरोबर स्टेडियमपर्यंत पोचलो.

पोर्तो रिको रँकिंगमध्ये ११४ आणि आपण १५२. आठव्याच मिनिटाला त्यांना पेनल्टी, ०-१. माझे बाबा म्हणाले झालं. मग नारायण दास, मग छेत्रीची फ्री किक, मग जेजे, हाफटाइमला ३-१! सेकंड हाफला जॅकीचंद, ४-१. त्या दिवशी कॅप्टन गोलकीपर गुरप्रीत होता, छेत्री नाही, हे बऱ्याच लोकांना आठवत नाही. अंधेरीला पब्लिक मैदानाच्या अगदी जवळ बसतं, मध्ये बालेवाडीसारखा ट्रॅक नाही, कॉर्नर घेणाऱ्या खेळाडूचा श्वास ऐकू येईल इतकं जवळ. फ्री किक जाळ्यात गेली तेव्हा बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, ते कधी खांद्यावर हात वगैरे ठेवणारे नाहीत.

२०१८ चं तर सगळ्यांनाच माहितीय, १ जूनला चायनीज तैपेईला ५-० हरवलं आणि मैदानात माणसं २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला, आम्हाला शिव्या द्या पण बघायला या, आणि ४ तारखेला केनियाच्या मॅचला त्याची शंभरावी मॅच, धो धो पाऊस, मैदानात पाणी, आणि स्टेडियम फुल. मी १ तारखेला पण होतो, हे मी अभिमानाने सांगतो. ती टूर्नामेंट होती, फ्रेंडली म्हणता येणार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

---

म्हाळुंगेकर

अरे वा, तुझ्या पोस्टवरून एक गोष्ट लक्षात आली. छेत्रीच्या भारतासाठी चार हॅटट्रिक, २००८ ला ताजिकिस्तान, २०१० ला व्हिएतनाम, २०१८ ला तैपेई आणि २०२३ ला पाकिस्तान. त्यातल्या दोन महाराष्ट्रात, एक बालेवाडीला आणि एक अंधेरीला! आणि दोन्ही वेळेला खुर्च्या रिकाम्या. आणि जेजेचं नाव घेतलंस म्हणून, २०११ ला ब्लॅकबर्न आले तेव्हा जेजे पुणे एफसीकडेच होता, विशीतला पोरगा. अंधेरीला त्याने गोल मारला तेव्हा मी टीव्हीसमोर 'आमचा जेजे' म्हणून ओरडलो, बायको म्हणाली तो मिझोरामचा आहे ना, म्हटलं हो पण आधी बालेवाडीचा.

आता ब्लॅकबर्न. ७ ऑक्टोबर २०११, परत शुक्रवार, आदल्या दिवशी दसरा. बाईकला झेंडूचा हार तसाच होता, वाऱ्याने पाकळ्या उडत होत्या बाणेर रोडभर. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची टीम, १९९४-९५ ची चॅम्पियन, आपल्या बालेवाडीत, आपल्या पुणे एफसीशी खेळणार. मालक पुण्याचेच, कोंबड्यांच्या धंद्यातले वेंकीजवाले, त्यामुळे ते इकडे आले हे सगळ्यांना माहीत होतं. त्या आठवड्यात युरोपात देशांच्या मॅचेस होत्या म्हणून तर लीगला सुट्टी होती आणि त्यांना येता आलं, पण त्याचमुळे त्यांचे काही खेळाडू आपापल्या देशाकडे गेले होते. तरीही वॉर्मअपला ते बाहेर आले तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे पासचा आवाज. टप् टप् टप्, एका लयीत, ट्रॅकच्या पलीकडे बसलेल्या आम्हाला ऐकू येत होता.

आणि मग एक वाईट वाटणारी गोष्ट झाली, ती मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. माझ्या आजूबाजूचे बरेच लोक ब्लॅकबर्नसाठी ओरडत होते. आपल्याच मैदानात. पुणे एफसीने बॉल हिसकावला की शांतता आणि त्यांनी अटॅक केला की जल्लोष. कोच डेरिक परेराची टीम होती ती, जीव तोडून खेळत होती, प्रत्येक बॉलसाठी पळत होती. दहा-बारा मिनिटं मी गप्प बसलो आणि मग न राहवून उभा राहून एकटाच 'पुणे, पुणे' ओरडायला लागलो. दोन रांगा पुढे एक काका वळून बघायला लागले, मग त्यांनी टाळी धरली, मग त्यांच्या शेजारची मुलगी, मग आठ-दहा जण. स्टँडभर काही पसरलं नाही ते, आठ-दहाच जण होतो शेवटपर्यंत. हरलो, पण घसा बसेपर्यंत ओरडलो.

---

लँकेशायरचा_मराठी

मी मूळचा सांगलीचा, गेली बरीच वर्षं इकडे प्रेस्टनजवळ असतो. ब्लॅकबर्न इथून गाडीने अर्धा तास. तुमच्या त्या मॅचची ही बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

तेव्हा इवूड पार्कवर, म्हणजे ब्लॅकबर्नच्या मैदानावर, वातावरण फार तापलेलं होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब पुण्याच्या मालकांनी घेतला आणि त्यानंतर जे झालं त्यावर इथली माणसं चिडलेली होती, मॅनेजर स्टीव्ह कीन जावा म्हणून मोर्चे निघत होते. आणि ऐन त्यात टीम पुण्याला गेली. ऑफिसमधले इंग्लिश सहकारी मला विचारायचे, तुमच्या पुण्यात आमचं काय चाललंय? मी सांगायचो मी सांगलीचा, पण त्यांना त्यात काय फरक. पुढे ७ मे २०१२ ला विगनकडून घरच्या मैदानावर ०-१ हरून ते प्रीमियर लीगमधून खालच्या लीगमध्ये गेले, मी होतो तिथे, मैदानात कोणीतरी कोंबडी सोडली होती क्लबचा झेंडा गुंडाळून. लोक हसत नव्हते. माझ्या शेजारी सत्तरीचा म्हातारा होता, १९९५ ला चॅम्पियन झाले तेव्हाचा स्कार्फ गळ्यात, तो घडी करून खिशात ठेवून निघून गेला.

म्हाळुंगेकर, तुम्ही पुण्यात पुण्यासाठी एकटे ओरडत होता तेव्हा इकडे ही माणसं पण आपल्याच क्लबात परकी झाली होती. मला दोन्हीकडचं वाईट वाटतं. बाकी स्कोअर ०-४ नाही, ०-३ होता.

---

कोल्हापुरी_फुलबॅक

०-४ च असणार, म्हाळुंगेकर स्वतः तिथं होता राव.

आणि बालेवाडीचं अजून एक. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला, तो पोरगा लहानपणी बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत होता आणि पुढं पुणे एफसीच्या अकादमीत. म्हणजे क्लब गेला पण त्यांनी घडवलेला पोरगा दिल्लीला अमेरिका, कोलंबिया, घानाविरुद्ध उतरला. त्या दिवशी आमच्या पेठेत पडदा लावून मॅच बघितली, कुठल्या तालमीचा आहे हे कुणी विचारलं न्हाई, आमच्यात हे किती मोठं आहे ते कोल्हापूरकरालाच कळंल.

---

जुना_कूपरेजवाला

स्कोअरवरून आता वाद नको, कोणाकडे तिकीट, कात्रण काही असेल तर टाका.

---

सुमेधा_औंध

बाबांची डायरी आहे माझ्याकडे. बाबा २०२० मध्ये गेले. त्यांनी पाहिलेल्या आणि लाइनवर उभं राहून केलेल्या सगळ्या मॅचेस त्यात आहेत, बँकेच्या जुन्या डायऱ्या, हिरव्या शाईचं पेन. त्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत, आज रात्री काढते. इतकी वर्षं काढल्या नव्हत्या.

@म्हाळुंगेकर, एक विचारायचं होतं. दोन रांगा पुढे जे काका वळून बघायला लागले त्यांनी डोक्यावर पांढरी कॅप घातली होती का? रेफरी घालतात तशी नाही, बँकेची, निळ्या अक्षरांची.

---

म्हाळुंगेकर

सुमेधा, कॅप होती. पांढरी होती. अक्षरं आठवत नाहीत गं, खोटं नाही सांगणार. शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी होती, आणि ती मैदानाकडे न बघता सारखी कडेच्या लाइनकडे बघत होती, म्हणून माझ्या लक्षात राहिली.

---

सुमेधा_औंध

काढली डायरी. जसं आहे तसं लिहिते.

'८-१०-१०. बालेवाडी. भारत ३ व्हिएतनाम १. सुमी झोपली परतताना.'

'१३-१०-१०. भारत ३ येमेन ६. सुमीचे ऑफसाइड दोन चुकले, बाकी बरोबर.'

'७-१०-११. पुणे एफसी ० ब्लॅकबर्न ३. मागे एक मुलगा एकटा ओरडत होता, साथ दिली. सुमीचा घसा बसला, उद्या शाळेला दांडी.'

---

म्हाळुंगेकर

०-३. वरच्या पोस्टमध्ये दुरुस्त करतो.

सुमेधा, डिसेंबरात मी सुट्टीवर आहे. एखाद्या रविवारी पुण्यातल्या लीगची मॅच असेल तिथे येशील का, कुठलंही मैदान चालेल, मला ते नाण्यांचं ऑफसाइड शिकायचंय. फुलबॅकराव, तुम्ही पण या, तुम्हाला त्याची जास्त गरज आहे.

---

कोल्हापुरी_फुलबॅक

येतो. रात्रीची गाडी पकडून येतो. फक्त आमची पाटाकडीलची मॅच त्या रविवारी नको.